हाताच्या मशीनवरून ऑटोमॅटिकवर जायचंय: सहा हेड, आठ हेड की वापरलेलं दहा हेड?

रंगीत_बाही

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा भाऊ सात वर्षं हाताने फिरवायच्या मशीनवर टी-शर्ट छापतोय. सहा रंग, चार पॅलेट (टी-शर्ट चढवायच्या फळ्या). स्क्रीन (डिझाइन उमटवलेली, फ्रेमवर ताणलेली जाळी) बनवणं आणि रंग मिसळणं माझ्याकडे, स्क्वीजी (जाळीतून इंक दाबत ओढायची पट्टी) त्याच्याकडे. मागच्या महिन्यात सहाशे काळ्या टी-शर्टांची ऑर्डर आली. रंग उठावेत म्हणून खाली पांढरा बेस दोनदा ओढायचा, म्हणजे नुसता पांढराच बाराशे वेळा. तिसऱ्या दिवशी भावाला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना. तेव्हाच ठरलं, आता ऑटोमॅटिक घ्यायचं.

समोर तीन पर्याय आहेत. एक, नवीन सहा हेड-आठ पॅलेट, सगळं हवेवर चालणारं (एक हेड म्हणजे एक स्क्रीन आणि तिची स्क्वीजी चालवणारा भाग). दोन, नवीन आठ हेड-दहा पॅलेट. फिरणं सर्व्होवर (नेमक्या जागी थांबणाऱ्या विजेच्या मोटरवर), हेड विजेवर. हे अर्थातच महाग. तीन, दहा हेड-बारा पॅलेट, पण वापरलेलं. एक युनिट बंद झालंय तिथलं, आणि किंमत पहिल्याएवढीच.

आमचं काम असं: बहुतेक ऑर्डरी ८० ते १५० नगांच्या, महिन्यातून एखादी पाचशे-सहाशेची. दहातले सात कपडे गडद रंगाचे. डिझाइन चार-पाच रंगांचं. इंक सगळी प्लॅस्टिसॉल, म्हणजे उष्णतेनेच पक्की होणारी. ड्रायर आहे, विजेवरचा; पट्टा ६० सेंटिमीटर रुंद, बोगदा दीड मीटरचा. फ्लॅश (छपाईच्या मधेच थर सुकवणारा हीटर) एकच. कंप्रेसर अगदी छोटा, धुतलेल्या स्क्रीनवर हवा मारण्यापुरता. पहिल्या मजल्यावरची खोली आहे, ९ मीटर बाय ७ मीटर.

पहिल्या मशीनचा विक्रेता म्हणतो, "चार-पाचच रंग आहेत ना तुमचे? मग सहा हेड भरपूर झाली. तासाला नऊशे नग निघतील." ऐकायला बरोबर वाटतं, पण मनात खुटखुट आहे. भावाचा जीव वापरलेल्या दहा हेडवर जडलाय. तुम्ही लोक काय घ्याल?

---

जुना_स्क्वीजी

ताई, विक्रेत्याचं हे वाक्य मी शब्दशः ऐकलंय आणि त्यावर विश्वास ठेवून सहा हेडचं मशीन घेतलंयही. दीड वर्षात विकलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

हेड मोजताना डिझाइनचे रंग मोजू नका, पॅलेट कुठे कुठे थांबतं ते मोजा. काळा टी-शर्ट घ्या. पहिल्या हेडवर पांढरा बेस. दुसऱ्या जागी फ्लॅश. तिसरी जागा रिकामी, कारण फ्लॅशखालून आलेला बेस तापलेला असतो आणि लगेच पुढची स्क्रीन त्यावर टेकली तर त्या स्क्रीनच्या जाळीतली इंक घट्ट व्हायला लागते. पंधरा-वीस नग बरे निघतात, मग बारीक रेघा गायब. झाल्या तीन जागा. उरल्या तीन. म्हणजे सहा हेडवर गडद कपड्याला बेसवर तीन रंग. तुमचं चार रंगांचं डिझाइन तिथेच अडकलं.

आठ हेडवर हाच हिशेब केला तर बेस, फ्लॅश, थंड व्हायची जागा, त्यापुढे चार रंग आणि शेवटी हायलाइटचा पांढरा. बरोबर आठ. तुमच्या कामाच्या मापाचं मशीन हे आहे, आणि त्यातही शिल्लक काही राहत नाही हे लक्षात ठेवा.

सहा हेडवर पळवाट आहे, नाही असं नाही. मशीन दोन फेऱ्यांच्या प्रोग्रॅमवर टाकायचं. पहिल्या फेरीत बेस आणि फ्लॅश, कपडा न उतरवता दुसऱ्या फेरीत रंग. थंड व्हायला वेगळी जागा लागत नाही, फेरी पूर्ण होईपर्यंत बेस आपसूक निवतो. पण उत्पादन निम्म्यावर येतं. महिन्यातून एकदा वापरायला उत्तम सोय आहे. रोज त्यावरच चालायचं असेल तर मशीन चुकलं म्हणायचं. मी रोज त्यावर चालत होतो.

आता तासाला नऊशे. नऊशे म्हणजे दर चार सेकंदांना एक नग. गडद कपड्यावर फ्लॅशलाच चार ते सहा सेकंद लागतात आणि पॅलेट पुढच्या जागी जायला दोनेक. पाच आणि दोन, सात सेकंद धरा. तासाला ५१४ झाले, तेही मशीन एकदाही न थांबता. इंक टाकायला थांबणार, पॅलेटला डिंक लावायला थांबणार, एखादा कपडा वाकडा चढणार. माझ्याकडे गडद कपड्यावर तासाला साडेतीनशे निघाले की मी त्या दिवशी कुणावर ओरडत नाही. अख्खं मशीन सर्वांत हळू थांब्याच्या चालीने चालतं आणि तो थांबा जवळजवळ नेहमी फ्लॅश असतो. त्यामुळे मशीनच्या वेगापेक्षा फ्लॅश कोणता मिळतोय ते विचारा. क्वार्ट्झचा घ्या, पॅलेट खाली आलं की पेटणारा आणि गेलं की विझणारा. तुमचा सध्याचा सतत तापलेला असणारा असेल, तर तो ऑटोमॅटिकच्या चालीला पुरणार नाही आणि मशीन थांबलं की खालचा कपडा करपवेल.

फ्लॅशबद्दल अजून एक, कारण यात आमचे दोनशे नग वाया गेले होते. सकाळी पॅलेट गार असतात. तेव्हा सहा सेकंद लावले तर बेस जेमतेम सुकतो. तासाभराने पॅलेट स्वतःच इतके तापलेले असतात की तेच सहा सेकंद जास्त होतात. बेसचा वरचा थर साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला सुकून बोटाला किंचित चिकट लागला पाहिजे. तिथेच तो पूर्ण शिजला, तर वरचा रंग त्याला धरत नाही. दिसायला फक्कड दिसतो, आणि गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या धुण्यात वरचा लाल सालासारखा निघून येतो. म्हणून काम सुरू करायच्या आधी रिकामी पॅलेटं दोन-तीन फेऱ्या फ्लॅशखालून फिरवून गरम करून घ्यायची आणि जसजसा दिवस तापेल तसतसा वेळ अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उतरवायचा.

आता ड्रायर. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. प्लॅस्टिसॉल साधारण १६० अंशाला पूर्ण शिजतं. आत एक मिनिट राहायला हवं असं धरू. बोगदा दीड मीटर, म्हणजे पट्टा मिनिटाला दीड मीटर. एक टी-शर्ट पट्ट्यावर पाऊण मीटर जागा खातो, आणि ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यावर शेजारी दुसरा मावत नाही. मिनिटाला दोन नग. तासाला १२०.

तीनपैकी कुठलंही मशीन आणलंत तरी तुमच्या खोलीतून तासाला १२० च बाहेर पडतील. हाताच्या मशीनवर तुम्ही पन्नास-साठ काढत असाल, म्हणून आजवर हे जाणवलं नाही. ऑटोमॅटिक आल्यावर पहिल्याच दिवशी ड्रायरच्या तोंडाशी ओल्या कपड्यांचा ढीग लागेल, मग कुणीतरी पट्टा जोरात करेल, आणि दोन महिन्यांनी माल परत येईल. बोगदा २.४ मीटरचा आणि पट्ट्यावर दोन टी-शर्ट शेजारी बसतील एवढी रुंदी घेतली तर त्याच हिशेबाने तासाला ३८४ येतात. आठ हेडच्या खऱ्या उत्पादनाशी हे जुळतं. सगळे पैसे मशीनवर घालून ड्रायर "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारे मी बरेच पाहिलेत.

वेगाबद्दल शेवटचं. तुमची सरासरी ऑर्डर शंभर नगांची. तासाला साडेतीनशेच्या चालीने ती १७ मिनिटांत संपते, नऊशेच्या चालीने सात मिनिटांत. वाचले दहा मिनिटं. पण पाच स्क्रीन चढवून त्यांचं रजिस्टर (सगळे रंग एकमेकांवर नेमके बसणं) जुळवायला, डोळ्याने अंदाज घेत नॉब फिरवत बसलात, तर चाळीस मिनिटं सहज जातात. पिनवर बसणारी व्यवस्था घेतलीत, म्हणजे फिल्म, स्क्रीन आणि पॅलेट तिन्ही एकाच खुणेवर, तर पंधरा मिनिटांत होतं. वाचली पंचवीस. छोट्या ऑर्डरी घेणाऱ्याने वेगाच्या आकड्याकडे पाहायचंच नाही, "एक स्क्रीन काढून दुसरी चढवून दाखवा" म्हणायचं आणि हातात घड्याळ धरून उभं राहायचं.

फ्रेम राहिल्या. हाताच्या मशीनच्या फ्रेम बहुतेक ऑटोमॅटिकला लहान पडतात. तिथे साधारण २३ × ३१ इंची लागतात, अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि सगळ्यांचा ताण सारखा. मी २५ न्यूटन प्रति सेंटिमीटरच्या खाली गेलेली स्क्रीन बाजूला काढतो. दिवसाला पाच-सहा जॉब, प्रत्येकी पाच स्क्रीन, काही धुतल्या जातायत, काही वाळतायत: साठ-सत्तर फ्रेमशिवाय भागत नाही. कोटेशनमध्ये ही ओळ कुणी लिहून देत नाही.

---

रंगीत_बाही

दादा, ड्रायरचं वाचून मी खरंच बोगद्यात टेप टाकून आले. आतून १ मीटर ४५ भरला. म्हणजे तुमच्या हिशेबाहूनही कमी.

खरं सांगायचं तर आम्ही मशीन कुठलं यावरच तीन महिने भांडतोय, ड्रायरचा विषय एकदाही निघाला नव्हता. भाऊ वाचतोय आणि गप्प आहे. पण वापरलेल्या दहा हेडचा हट्ट सुटलेला नाही. तो म्हणतो, रिकामी हेड कुणाला चावत नाहीत. याचं काय उत्तर देऊ?

---

नट_बोल्ट

मी छापत नाही, ही मशीनं दुरुस्त करतो. त्यामुळे ती माझ्याकडे आजारी होऊनच येतात, हे मनात ठेवून वाचा.

भावाचं म्हणणं चूक नाही. रिकामी हेड उपयोगीच असतात, दुसरा फ्लॅश बसतो, थंड व्हायला दोन जागा मिळतात. वापरलेलं मशीन म्हणजे वाईट असंही नाही. फिरत्या बहुरंगी यंत्राचं मायकेल वासिलान्टोनेंचं अमेरिकी पेटंट १९६९ चं आहे आणि मूळ रचना अजून तीच: मधे खांब, भोवती पॅलेटांचे हात, वर हेड. लोखंड पिढ्यान् पिढ्या टिकतं. मरतं ते कंट्रोल बोर्ड आणि झिजतं ते बेअरिंग.

बघायला जाल तेव्हा विक्रेत्याचे नमुने बघू नका. दोन स्क्रीन सोबत न्या, दोन्हींवर एकाच जागी बारीक अधिक चिन्ह. एक पहिल्या हेडला लावा, दुसरी शेवटच्या. दोन वेगळे रंग. बाराही पॅलेटांवर कापडाचे तुकडे चिकटवून, मशीन कामाच्या वेगाने चालवून छापा. हळू नाही, कामाच्या वेगाने. मग तुकडे पॅलेटच्या क्रमाने मांडा. बाराही तुकड्यांवर दोन चिन्हं सारखीच सरकलेली असतील तर काही बिघडलेलं नाही, स्क्रीन थोडी हलवली की जुळेल. एकाच पॅलेटवर सरकलेली असतील तर तो हात किंवा ते पॅलेट वाकलंय, दुरुस्त होतं. पण दर तुकड्यावर वेगवेगळी, आणि दुसऱ्यांदा छापल्यावर पुन्हा वेगळीच, तर पॅलेट जागेवर पकडणारं लॉक किंवा मधलं बेअरिंग गेलंय. मुकाट्याने घरी या.

त्यानंतर मशीन बंद करायला सांगा, पण हवा चालू ठेवा. खोलीत शांतता करा आणि नुसतं ऐका. फुस्स आवाज किती ठिकाणांहून येतो ते मोजा. दोन-तीन असतील तर पाइप आणि सील बदलून भागेल. चहूबाजूंनी येत असेल तर त्या मशीनला वर्षानुवर्षं ओली हवा पाजलीय, आणि सिलिंडर आतून गंजलेत.

यावरून कंप्रेसर. तुमचा विसरून जा. पिस्टनचा छोटा कंप्रेसर दिवसभर न थांबता चालायला बनवलेलाच नसतो. तापतो आणि तापलेल्या हवेतून भरपूर पाणी पाठवतो. स्क्रूचा घ्या, सोबत हवा थंड करून पाणी काढणारा ड्रायर आणि मोठी टाकी. हवेवरच्या हेडमध्ये दाब पडला की स्क्वीजीची चाल बदलते, चाल बदलली की पांढऱ्याचा थर बदलतो, आणि तुम्ही इंकला दोष देत बसता. विजेवरच्या हेडला हा त्रास नाही. तरी स्क्वीजी वरखाली करायला तिथेही बहुधा हवाच असते, त्यामुळे कंप्रेसर सुटत नाही, फक्त लहान चालतो.

वीज आधी मोजा. एकेक क्वार्ट्झ फ्लॅश दहा-पंधरा किलोवॅट ओढू शकतो. दोन फ्लॅश, विजेवरचा मोठा ड्रायर, कंप्रेसर: थ्री-फेजचा मंजूर भार पुरतो का हे मशीन बुक करायच्या आधी बघा. ड्रायर गॅसवरचा घेतला तर विजेचं ओझं बरंच उतरतं.

कंपनी कुठली, हा प्रश्न मला सगळे विचारतात. एमअँडआर, एमएचएम, रॉक, अनाटोल, सगळ्यांची मशीनं लोक वर्षानुवर्षं चालवतायत. मी उलट विचारतो: बोर्ड जळला तर तो किती दिवसांत हातात पडेल, आणि फोन कोण उचलेल? जुन्या दहा-बाराच्या मालकाला हेच विचारा. "बोर्ड मिळत नाही पण हा कधी बिघडत नाही" असं उत्तर आलं तर समजून जा.

आणि ताई, तुम्ही जाता जाता "पहिल्या मजल्यावर" लिहिलंय. ते नीट सांगा बरं. खाली जमीन की खाली दुसऱ्या कुणाची खोली?

---

पाण्यावरची_शाई

दोघांनी महत्त्वाचं सगळं सांगितलंय, मी फक्त माझ्या बाजूचं जोडतो. आज प्लॅस्टिसॉल छापताय, पण गिऱ्हाईक हाताला मऊ लागणारी छपाई मागायला लागलं की पाण्यावरच्या इंककडे वळावं लागेल. त्यासाठी ड्रायर आत्ताच विचारपूर्वक घ्या.

प्लॅस्टिसॉलमधून काही उडून जायचं नसतं, ते फक्त तापायचं असतं. माझ्या इंकमधलं पाणी आधी उडावं लागतं, मग ती पक्की होते. म्हणून मला बोगद्यात दोन-तीन मिनिटं लागतात आणि नुसती उष्णता नव्हे, जोराचा हवेचा झोत लागतो. जुना_स्क्वीजींचा ३८४ चा हिशेब दोन मिनिटांना १९२ वर येतो. ज्या ड्रायरला एखादा जादा भाग जोडून बोगदा लांबवता येतो तो घ्या. फ्लॅशचंही तेच, नुसत्या क्वार्ट्झपेक्षा हवा फेकणारा बरा.

मशीनमध्ये एक गोष्ट तपासा: थांबलं की सगळ्या हेडांवर इंक आपोआप पसरून थांबतं का? आमची इंक उघड्या जाळीत वाळते. जेवायला गेलात आणि स्क्रीन कोरड्या राहिल्या, तर आल्यावर छपाई नाही, धुणंच.

एक फायदा मात्र सांगतोच, हेडांचा विषय निघालाय म्हणून. सुती कपडा डिस्चार्ज होणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगाने रंगवलेला असेल तर पांढऱ्या बेसऐवजी डिस्चार्जचा बेस छापता येतो. तो कपड्याचा मूळ रंगच काढून टाकतो, आणि वरचे रंग ओल्यावर ओले जातात. फ्लॅश नाही, थंड व्हायची जागा नाही. सहा हेडवर बेस आणि पाच रंग! पण रसायन मिसळल्यावर काही तासांतच वापरावं लागतं, ड्रायरमधून उग्र वास येतो म्हणून धूर बाहेर काढायची पक्की सोय हवी, पॉलिस्टरवर हे चालत नाही, आणि काही निळे रंग निघता निघत नाहीत. प्रत्येक नव्या मालावर आधी एक तुकडा करून बघतो. तोंडी हमी कुणाची मानत नाही, कपडा देणाऱ्याचीही.

पॉलिस्टर छापत असाल तर तो वेगळाच ताप. कपड्याचा रंग छपाईत चढतो, लाल जर्सीवरचा पांढरा दुसऱ्या दिवशी गुलाबी. कमी तापमानाला शिजणारी इंक आणि खाली तो रंग अडवणारा करडा बेस लागतो. म्हणजे पुन्हा एक हेड गेलं.

---

रंगीत_बाही

सगळ्यांचे आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण ऑर्डरींची वही काढून बसले होते. गेल्या दोन महिन्यांतला प्रत्येक जॉब "किती रंग" असा न लिहिता "किती थांबे" असा लिहिला. ४१ जॉबपैकी २७ सात किंवा आठ थांब्यांत बसतात. नऊ जॉब फिकट कपड्यावरचे, ते तर फ्लॅशशिवाय सहा हेडवर आरामात. उरलेले पाच आठाच्या वर जातात, त्यातले तीन एकाच गिऱ्हाइकाचे.

त्या पाचांसाठी दोन फेऱ्यांचा प्रोग्रॅम वापरू. भावाला हे पटलं, मुख्य म्हणजे त्यानेच वहीतले आकडे मोजले. वापरलेलं दहा हेड तरी तो बघून आला, अधिक चिन्हाच्या दोन स्क्रीन घेऊन. बारा तुकड्यांपैकी अकरा ठीक आले, एका पॅलेटवर सरकलेलं. नट_बोल्ट दादांच्या हिशेबाने दुरुस्त होण्यासारखं. पण बोर्डाबद्दल विचारल्यावर मालक म्हणाला, "तो प्रश्नच कधी आला नाही." आणि व्यास मोजला तर पाच मीटरच्या थोडा वर.

आमची खोली ७ मीटर रुंद. भोवती मीटरभर वाट सोडली की संपलीच, ड्रायर कुठे ठेवणार? आठ हेडचं मशीन चार मीटरचं आहे, त्याच्या शेजारी लांब ड्रायर बसतो. खडूने जमिनीवर आखून पाहिलं. भाऊ त्या गोलाच्या कडेने कपडा घेऊन चाललासुद्धा.

आता पहिल्या मजल्याचं. खाली दुसऱ्यांचं गोदाम आहे. वर आम्ही. स्लॅब जुना आहे. यात एवढं काय? मशीन काही वर-खाली उड्या मारणार नाही ना?

---

नट_बोल्ट

उड्या मारत नाही, पण दर सात सेकंदांना अख्खा गोल झटक्याने सुरू होतो आणि झटक्याने थांबतो. दिवसभर. मशीनचं वजन टनात असतं आणि ते सगळं मोजक्या पायांवर येतं. गोदामात पसरून ठेवलेल्या पोत्यांसारखं नाही. त्यातून स्लॅब किंचित जरी हलत असेल तर पॅलेटची पातळी बिघडेल आणि रजिस्टर रोज सकाळी वेगळं निघेल. हा झाला लहान धोका. मोठा धोका खालच्या गोदामात काम करणाऱ्यांना आहे.

विक्रेत्याकडून पायांची जागा दाखवणारा नकाशा आणि प्रत्येक पायावर येणारा भार लेखी मागा. तो घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला खोली दाखवा. मशीनचा, ड्रायरचा आणि कंप्रेसरचा भार एकत्र सांगा. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका. मधला भाग जिन्यातून वर जात नाही, क्रेनने खिडकीतून घ्यावा लागतो, हेही आत्ताच विचारून ठेवा.

---

जुना_स्क्वीजी

हे मला सुचलंच नव्हतं. माझं सगळं तळमजल्यावर.

ताई, इंजिनिअर येईपर्यंत हात रिकामे ठेवू नका. ड्रायर तसाही लागणार आहे, त्याची चौकशी करा. आणि फ्रेम ऑटोमॅटिकच्या मापाच्या घ्यायला लागा, ताण मोजायचा मीटरही. भावाला एक सांगा: ऑटोमॅटिकवर पांढरा पातळ दिसला की हात आपोआप दाबाच्या नॉबकडे जातो. हाताच्या मशीनची सवय असते ती. दाब वाढवला की इंक कपड्याच्या आत घुसते आणि पांढरा आणखी फिका दिसतो. दाब कमी करायचा, स्क्वीजीची धार बघायची, स्क्रीनचा ताण बघायचा, कपडा आणि जाळीत दोनेक मिलिमीटरची फट आहे का ते बघायचं. बेसला मी ६१ टी ची (सेंटिमीटरला ६१ धागे) जाळी वापरतो, वरच्या रंगांना ९० टी. हे सगळं हाताच्या मशीनवरही आजपासून करून बघता येईल, त्याच्या खांद्यालाही तेवढाच आराम.

---

रंगीत_बाही

इंजिनिअर गुरुवारी येतोय. विक्रेत्याकडे पायांचा नकाशा मागितला तर तो म्हणाला, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं, पण पाठवतो. आज संध्याकाळपर्यंत आला नाही, उद्या परत फोन करते.

स्लॅब नाही म्हणाला तर तळमजल्यावर जागा शोधावी लागेल, आणि मग खोलीचं माप बदलेल. भाऊ आत्ताच म्हणायला लागलाय, "मोठी जागा मिळाली तर दहा हेड बसेल."